ओल्या लाकडाचं चाक

माझी शाळा मराठी दुसरीत सुटली. लिहिताना हात अडतो, आणि तो नुसत्या कमी शाळेमुळं नव्हे. आई यल्लम्मानं माझ्यावर केलेली कृपा सांगायची तर आधी स्वतःचं झाकलेलं उघडं करावं लागतं. म्हणून इतकी वर्षं टाळत आलो. गावाबाहेरच्या लोकांना एवढंच ठाऊक आहे की सौंदत्तीच्या वाटेवर माझी गाडी मोडली आणि आईनं तारलं. गाडी का मोडली, ते मी कुणाला लिहून दिलेलं नाही.

मी कसबा बावड्याचा सुतार. गाडीचं चाक करण्यात माझा हात धरणारा आसपास कुणी नाही असं लोक म्हणायचे, आणि लोकांच्या आधी मी म्हणायचो. माझ्या कारभारणीच्या डोळ्यांत सारा पडून नजर विझत चालली होती. तिचा एकच नवस होता, की डोळ्यांत उजेड आहे तोवर सौंदत्तीला जाऊन आईचं तोंड बघायचं. तिचा भाऊ म्हणाला, मिरजेवरनं आगगाडीनं धारवाड गाठा, पुढं भाड्याची गाडी मिळते. पण सुताराची बायको भाड्याच्या गाडीतनं देवीला जाणार, हे मला सोसवेना. माझ्या हातच्या नव्या गाडीतनं नेईन म्हणालो. आणि लोकांच्या गाड्या करण्यात स्वतःची गाडी दोन वर्षं राहिली. त्या दोन वर्षांत तिला उंबरा दिसेनासा झाला. ती हातानं चौकट चाचपून आत यायची.

शेवटी फाल्गुनात घाईनं चाकं केली. वाळलेलं लाकूड गिऱ्हाइकांच्या गाड्यांना गेलं होतं. त्याच थंडीत तोडलेली बाभळ शेडमागं पडली होती, तीच घेतली. चाकावर लोखंडी धाव चढवायला उस्मान लोहाराकडं गेलो. तीस वर्षांचा आमचा जोड, चाक माझं आणि धाव त्याची. त्यानं पुठ्ठ्यावर, म्हणजे चाकाच्या बाहेरच्या लाकडी घेरावर, नख दाबून बघितलं.

"ह्ये वलं हाय की रं. चैताच्या उन्हात आकसंल आन् धाव गळून पडंल. म्हैना-दोन म्हैनं थांब."

"तू लोखंडाचं बघ. लाकडाचं मला शिकवू नगंस."

भात्यापाशी चार माणसं होती. त्यांच्यादेखत त्याला बोललो. उस्माननं मान खाली घातली, धाव तापवली, चढवली, पाणी मारलं. त्या दिवशी त्यानं नेहमीसारखं पान पुढं केलं नाही.

चैत्री पौर्णिमेच्या आधी बावड्यातनं पाच गाड्या निघाल्या. वरून तट्ट्या, आत कडब्यावर वाकळ, पिठाचं गठुळं, चूल, तवा, देवीसाठी परडी. घरच चाकांवर घेतलं होतं म्हणा. निपाणी आली आणि महाराजांचा मुलूख सुटून इंग्रजांचा लागला. पुढं तर बोलीही बदलली. मला कानडीचं अक्षर येत नाही. कारभारणीचं माहेर गडहिंग्लजकडचं, तिला येतं. संकेश्वराच्या पुढं ती म्हणाली, "अवो, उजवं चाक वाजतंय."

डोळे गेले तसे तिचे कान तिखट झाले होते. मलाही ऐकू येत होतं. पण मी म्हणालो, "तुला दिसत तर न्हाईच, आता ऐकाया बी चुकायला लागलीस."

हे वाक्य मी लिहून ठेवतो. कुणी वाचेल तर वाचू दे.

घटप्रभेच्या उतारावर सगळ्यांनी गाड्या पाण्यात घातल्या. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, म्हणून गाडीवान नदी लागली की चाकं भिजत ठेवतात. लाकूड फुगतं आणि धाव घट्ट बसते. जुन्या चाकांनाही ते लागतं, त्यात कमीपणा काही नाही. पण माझं चाक महिन्याचं नवं. ते भिजवायचं म्हणजे सैल झालं हे चारचौघांत कबूल करायचं. शेजारचा गाडीवान हसत म्हणाला, "काय मेस्त्री, तुमच्या चाकाला तान लागत न्हाय व्हय?"

"न्हाय लागत," म्हणालो, आणि बैलांना कासरा मारून पाण्यातनं सरळ पलीकडं काढली. सोबत सोडली, रागाच्या भरात आडवाट धरली. म्हणालो, तुमच्या आधी पोचून दाखवतो.

दुसऱ्या दिवशी, ऊन चढायच्या वेळी, उघड्या माळावर उजव्या चाकाची धाव निसटली आणि कडंनं घरंगळत गेली. दोन पुठ्ठे निखळले, आरे ढिले पडले, गाडी कलली. कारभारीण आतनं वाकळेसकट माझ्या अंगावर आली. लागलं नाही. ती उठून बसली आणि पहिल्यांदा परडी चाचपली.

पौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती. मैल-मैल झाड नव्हतं, घागरीत थोडंच पाणी होतं. मी काय केलं असेल? शिव्या दिल्या. देवीला नव्हे, उस्मानला. लोखंड खोटं घातलं, धाव मोठी केली, असं मोठमोठ्यानं ओरडत राहिलो. कारभारीण ऐकत होती. मग हळू म्हणाली, "मला आज संध्याकाळपत्तोर कायतरी दिसंल. उद्याचं म्हाईत न्हाय." तेव्हा माझ्या शिव्या थांबल्या. धावेशेजारी मातीत बसलो आणि पहिल्यांदा मनात म्हणालो, आई, माझ्या हातानं आता काही व्हायचं नाही. तू बघ.

थोड्या वेळानं डोक्यावर शेणाची पाटी घेतलेली एक म्हातारी आली. काळी, वाळकी, एक गाल सुजलेला. तिनं पाटी उतरली आणि चाकाभोवती फिरली. निखळलेला पुठ्ठा उचलला, वास घेतला. मग कानडीत काहीतरी विचारलं.

"काय म्हणती?"

"म्हणती, चाक कुणी केलं?"

"सांग, कोल्हापूरच्या एका सुतारानं."

कारभारणीनं सांगितलं. म्हातारीनं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा काही बोलली. माझी बायको हसली. त्या माळावर, मोडक्या गाडीपाशी, पदर तोंडाला लावून हसली.

"आता काय?"

"काय न्हाय. चला म्हणती, गाव जवळ हाय."

म्हातारीनं दोन माणसं बोलावून आणली. चाक आणि धाव त्यांनी खांद्यावर घेतली, गाडी दगडांवर टेकवून ठेवली. गावात एकच विहीर होती, आणि तिचं पाणी इतकं खोल की दोर ओढताना बायांच्या पाठी वाकत. विहिरीशेजारी गुरांसाठी दगडाची मोठी दोण होती, ती कोरडी. मी पुठ्ठे जुळवले, धाव चढवली, लाकडाच्या पातळ पाचरी ठोकल्या. चाक आडवं दोणीत ठेवलं. पण पाणी कुठलं घालायचं? मागायला तोंड उघडेना. मागायची भाषाही माझ्याकडं नव्हती.

म्हातारीनं स्वतःची घागर ओढली आणि चाकावर ओतली. मग पाण्याला आलेल्या बायांना काही म्हणाली. एकीनं ओतली. दुसरी कुरकुरली, पण तिनंही ओतली. एवढ्या कष्टानं ओढलेलं पाणी त्या परक्या मुलखातल्या बाया माझ्या खोट्या चाकावर ओतत होत्या. मला घटप्रभा आठवली. नदीभर पाणी फुकट वाहत होतं आणि मी त्यातनं कोरडा निघून आलो होतो. मान वर होईना.

सकाळी चाक फुगून धावेत गच्च बसलं होतं. ते माळावर नेऊन गाडीला चढवलं. म्हातारीनं घागर भरून गाडीत ठेवली. कारभारीण उजव्या कडेला बसली. चाक जरा वाजलं की ती सांगे, मी गाडी थांबवून गोणपाट भिजवून गुंडाळी. डोळस मी होतो, पण गाडी तिच्या कानांवर चालली होती. वाटेत मी तोंड उघडलं.

"लाकूड वलं हुतं. उस्माननं सांगितलतं. त्येची चूक न्हवती."

"मला ठावं हाय."

"कवापास्नं?"

"बावडा सोडल्यापास्नं. चाक रोज येगळं बोलत हुतं." मग म्हणाली, "काल ती म्हातारी काय म्हणाली सांगू? म्हणाली, ह्यो बाप्या लेकराला नाव द्याया लाजतोय, पर हात काय चाकावरनं काढंना."

दुपारी सौंदत्तीला आईचा डोंगर चढलो. गर्दीत तिचा दंड धरून आईसमोर उभी केली. बराच वेळ ती डोळे ताणून बघत राहिली. "पिवळं दिसलं," म्हणाली. "भंडाऱ्याचं पिवळं, आन् मधी दोन डोळं." मला आईचं तोंड नीट दिसलं नाही. माझे डोळे भरले होते.

परतताना मुद्दाम त्या गावाला गेलो. लोक म्हणतात, ती म्हातारी म्हणजे आईच. मी वाद घालत नाही. एवढं सांगतो, की ती घरी होती, दाढ दुखत होती, आणि सुनेवर ओरडत होती. मी पाया पडलो तर मागं सरली आणि मोडकं दार दाखवलं. ते दुरुस्त करून दिलं. तिनं दोनदा उघडून मिटून बघितलं, मग ताक दिलं.

बावड्यात आलो तो थेट उस्मानच्या भात्यापाशी. पुन्हा चार माणसं होतीच. त्यांच्यादेखत म्हणालो, "लाकूड वलं हुतं. तुझं खरं हुतं. वाटंत तुला शिव्या दिल्या, त्या बी खोट्या."

त्यानं ऐरणीवरनं नजर काढली नाही. "येवढं सांगाया सौंदत्तीपत्तोर गेलतास व्हय रं?" म्हणाला, आणि पानाचा डबा पुढं सरकवला.

त्या वर्षीच्या दिवाळीला कारभारणीचा उरलासुरला उजेड गेला. ती म्हणते, शेवटचं बघायचं ते बघून झालं. माझी आडमुठी मान पूर्ण वाकली असं मी म्हणणार नाही, अजूनही ती मधूनच ताठते. पण शेडसमोर रस्त्याकडंला मी दगडाची दोण करून घेतली आहे. रोज ती भरतो. कुणाचंही चाक त्यात भिजू दे, कुणी केलं हे मी विचारत नाही. संध्याकाळी आम्ही दोघं दारात बसतो. गाड्या जातात. मधेच ती मान कलती करते आणि म्हणते, "ह्येचं वाजतंय. हाक मारा." मी उठतो आणि हाक मारतो.