चुलीच्या पऱ्हाट्या

कापसाची शेवटची वेचणी झाली की माय वाळक्या पऱ्हाट्या उपटून घरामागं त्यांची गंजी रचायची. वर्षभराचं जळण तेच. गॅसची टाकी घरात होती, पण ती पाहुण्यांच्या चहापुरती. भाकरी, आंघोळीचं पाणी, सगळं चुलीवर.

तीन वर्षांखाली वालूरच्या रस्त्यानं, उभ्या पऱ्हाट्यांचा रानातच भुसा करणारं कुट्टीचं मशीन आमच्या गावात आलं. पऱ्हाट्यांचा भुसा दाबून कांड्या करतात आणि लांबच्या वीजकेंद्रात कोळशासोबत जाळतात, असं मशीनवाल्यानं पारावर सांगितलं. उपटायची मेहनत वाचणार, रान लगेच मोकळं होणार. मी हो म्हणालो. माय तेव्हा माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. तिला फोन करावा, हे मला सुचलंही नाही.

परत आल्यावर ती रानात जाऊन आली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "चूल माझी हाय. मला इचारायचं तरी."

गॅस वापर म्हणालो. तिनं वापरला, टाकी संपली. दुसरी आणायला मी आज-उद्या करत राहिलो. मग माय कालव्याच्या कडेला वेडी बाभूळ तोडायला जाऊ लागली. तिथं आणखी बाया असायच्या. त्यांच्याही पऱ्हाट्या त्याच मशीननं नेल्या होत्या.

एका दुपारी वाकवलेली फांदी तिच्या हातून सुटली आणि काटा उजव्या डोळ्यात गेला. ती तशीच मोळी घेऊन घरी आली, भाकरी केल्या. डोळा लाल कशानं झाला विचारलं, तर धूर गेला म्हणाली. तिसऱ्या दिवशी पू आला, तेव्हा मी तिला परभणीला नेलं. डॉक्टरांनी काटा काढला, पण उशीर झाला होता. डोळा गेला.

येताना बसमध्ये तिनं विचारलं, "त्या कांड्याची लाईट आपल्याकडं येती का रं?"

मला माहीत नव्हतं. "येत असंल," मी म्हणालो. तिनं पट्टीवरून पदर सावरला. घरी पोचलो तेव्हा गावात लाईट नव्हती.

पुढच्या वर्षी मी निम्म्या पऱ्हाट्या राखल्या. निम्म्या दिल्याच, उपटायला माणूस मिळत नव्हतं. नंतर माझं लग्न झालं; बायको आता बरंचसं गॅसवर करते. उजवीकडून कुणी आलं की माय दचकते, म्हणून मी तिच्याशी बोलायला डावीकडून जातो.