शाळेखालची विहीर

मी नववीत येईपर्यंत माझ्या शाळेला धड जागा मिळाली नव्हती. आधी ती एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या दुकानगाळ्यांत भरायची. शटर वर केलं की वर्ग सुरू. आवाजाच्या तक्रारी वाढल्यावर आम्हाला पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. तिथे जेमतेम रुळतोय तोवर खाडीकडच्या प्लॉटवर नवी इमारत उभी राहायला लागली आणि ती पुरी व्हायच्या आतच आमचे बाक टेम्पोतून तिकडे गेले.

खाली आम्ही भूमिती शिकायचो, वर सळ्या कापल्या जायच्या. मिक्सर सुरू झाला की बाई बोलणं सोडून फळ्यावर लिहायच्या. खिडक्यांना गज होते, काचा नव्हत्या. वह्यांवर सिमेंटची भुकटी बसायची. कुणाचंच मन थाऱ्यावर नसायचं, पण माझ्या बाकावरची मैत्रीण सगळ्यांत जास्त अस्वस्थ. ती शेजारच्या जुन्या गावातली. तास चालू असताना मध्येच उठून खिडकीशी जायची.

"काय बघतेस गं सारखं?"

"काय नाय."

खिडकीतून एक म्हातारा दिसायचा. रोज यायचा आणि अर्धवट कंपाउंडपाशी, विटांच्या ढिगाशेजारी उभा राहून आत बघायचा. वॉचमन त्याला हाकलायचा. एकदा वॉचमनने दंडाला धरून ओढलं तेव्हा तो तोल जाऊन वाळूच्या ढिगावर पडला. वर्ग खो खो हसला.

मैत्रीण ताडकन उठली. "माजा आजा हाय तो! ही जमीन आमची व्हती!" एवढं बोलून तिने दप्तर उचललं आणि निघून गेली.

त्यानंतर ती शाळेत आलीच नाही. बाकावरची तिची जागा रिकामी. मला तिथे बसवेना. मुलं म्हणायची, घरचे पाठवत नसतील, जमीन गेली म्हणून राग असेल. शेवटी मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो, मला घेऊन तिच्या गावात गेल्या.

म्हातारा ओट्यावर जाळं विणत होता. मैत्रीण दाराआडून बघत होती.

बाई सरळ म्हणाल्या, "आजोबा, रागावलात का आमच्यावर? नातीला शाळेत पाठवा."

त्याने मान वर केली. "मी कुटं आडवतो? तीच जात नाय. पोरं हसली, माजी लाज काडली म्हनते." मग जाळं बाजूला ठेवून म्हणाला, "बाकी शेतांवर बिल्डिंगी झाल्या. तिथं आमाला कोन आत घेतो? हितं निदान माजी नात जाईल, असं जमीन गेली तवा म्हनलं व्हतं मी."

बाई ओट्यावर त्याच्या शेजारी टेकल्या. मग म्हणाल्या, "उद्या तुम्ही तिच्यासोबत या. गेटमधून."

दुसऱ्या दिवशी तो धुतलेला सदरा घालून आला. वॉचमनने गेट उघडलं, पण नजर वळवून घेतली. बाईंनी त्याला सगळी इमारत फिरून दाखवली. मैत्रीण त्याचा हात धरून होती. मी त्यांच्या मागे. जिना, प्रयोगशाळेची रिकामी खोली, अजून ओलं असलेलं प्लास्टर. तो कशालाच हात लावत नव्हता. खाली आल्यावर त्याने एकच विचारलं, "आमची हीर कुटं गेली?"

बाईंनी ठेकेदाराला बोलावलं. त्याने प्रार्थनेच्या मैदानाकडे बोट दाखवलं. बांधकामाचं डेब्रिज टाकून विहीर बुजवली होती, वर मुरूम.

म्हातारा त्या जागेपर्यंत गेला, पायाने माती दाबून बघितली आणि म्हणाला, "पानी ग्वाड व्हतं." मग नातीला म्हणाला, "जा, वर्गात जा." तो पुन्हा कंपाउंडपाशी दिसला नाही.

मैत्रीण दहावी पास झाली. इमारतही पुरी झाली, खिडक्यांना काचा आल्या. मी मात्र प्रार्थनेला उभी राहिले की सारखी पाय बदलायचे. बाई ओरडायच्या, "नीट उभी राहा गं!" पण मला तिथे स्थिर उभं राहताच यायचं नाही.