नाकसाहेबांचे एकवीस दिवस

किळस येणं हे काही पोटापाण्याचं साधन नव्हे, पण या गृहस्थांना चौतीस वर्षं तिचाच पगार मिळाला. पालिकेत स्वच्छता निरीक्षक होते. हॉटेलांच्या मागच्या दारानं आत शिरायचं, मोरीवरची जाळी उचलायची, पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवायचं, फ्रिजच्या दाराचं रबर ओढून आतली काळी बुरशी मालकाला दाखवायची आणि वहीत शेरा मारायचा : 'गलिच्छ. आठ दिवसांची मुदत.' बाजारात त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे नाकसाहेब. आपण पाठीमागचंच नाव घेऊ, ते जास्त खरं आहे.

माणूस लाच खात नसे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं बोलायला मी मोकळा. खात नसे, कारण नोटा कुणाकुणाच्या हातांतून आलेल्या असतात म्हणे.

त्यांची बायको सरकारी इस्पितळात नर्स. सगळी गल्ली त्यांना सिस्टरबाई म्हणायची. एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या ओकाऱ्या उपसल्या, जखमा धुतल्या, म्हाताऱ्यांच्या कुशी बदलल्या. आणि एकतीस वर्षं त्या स्वतःच्या घरात पुढच्या दारानं आल्या नाहीत. नवऱ्याचा नियमच होता : ड्यूटीवरून आलं की मागचं दार, मागची न्हाणी, डोक्यावरून आंघोळ, कपडे वेगळ्या बादलीत, मग घरात पाऊल. मुलगी तान्ही होती तेव्हा आईची चाहूल लागताच पाळण्यात आकांत करायची. नाकसाहेब पाळणा हलवत बसायचे आणि दूध दाटून आलेली बाई आत थंड पाण्यानं डोकं धुवायची. मला विचाराल तर जगात याहून ओंगळ गोष्ट नसेल. पण नाकसाहेबांच्या नाकाला तिचा वास कधी आला नाही.

सिस्टरबाई निवृत्त झाल्या, त्याला दोन महिने झाले तरी ती बादली वेगळीच. एक दिवस त्यांनी विचारलं, "आता इस्पितळ सुटलं. बादली वेगळी कशाला?"

"असू दे की. कुणाचं काय बिघडतंय?" नाकसाहेब वर्तमानपत्रामागून म्हणाले.

सिस्टरबाई भांडल्या नाहीत. आठ दिवसांनी त्यांनी दोन सॅक आणून पलंगावर टाकल्या. त्यांच्या वॉर्डातली एक तरुण नर्स नवऱ्याबरोबर अशीच पाठीला सॅक लावून आशियातले चार देश हिंडून आली होती. मिळेल त्या बसनं जायचं, एका खोलीत आठजण झोपतात तसल्या स्वस्त ठिकाणी राहायचं, रस्त्यावर खायचं.

"एकवीस दिवस," सिस्टरबाई म्हणाल्या. "मी आयुष्यभर घाणीत काम केलं, तुम्ही नुसतं तिच्याकडे बोट दाखवलंत. आता माझ्याबरोबर चला. एकवीस दिवसांत तोंडातून तक्रारीचा एक शब्द काढायचा नाही. काढलात, तर परत आल्यावर मी धाकटीकडे राहायला जाणार. तिची वरची खोली रिकामीच आहे. आणि मी थट्टा करत नाही."

धाकटी म्हणजे सिस्टरबाईंची विधवा बहीण. नाकसाहेबांनी एक सॅक जवळ ओढली. एक सांगतो, त्यांना बायको हवी होती. नुसती भाकरी भाजायला नव्हे, खरंच हवी होती. संध्याकाळी तिच्या पायांचा आवाज घरात नसला तर त्यांना चैन पडत नसे. एवढंच, की तो आवाज धुऊन पुसून आत यायला हवा.

निघाले. फिनेलची बाटली सिस्टरबाईंनी विमानतळावर जायच्या आधीच सॅकमधून काढून ठेवली. डांबराच्या गोळ्याही काढल्या. राहू दिली ती एक चादर.

पहिल्याच मुक्कामाला एकावर एक अशा खाटा, आठ माणसं आणि एक संडास. संडासाबाहेर रबरी चपलांचा एकच जोड, आठही जणांनी तोच घालायचा. तो कायम ओला. नाकसाहेबांनी त्यात पाय घातला तेव्हा कुणाच्या तरी टाचेचा गारवा त्यांच्या टाचेला लागला आणि मणक्यापर्यंत शहारा गेला. न्हाणीच्या जाळीत केसांचा पुंजका, तीन रंगांचा. गादीवर पिवळा डाग, त्याच्या कडेनं जुन्या डागाची दुसरी कड. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथं नाक दाबलेलं आणि तोंडाला कुलूप. बिचारे डोळे उघडे ठेवून पडून राहिले. वरच्या खाटेवर सिस्टरबाई मात्र पोरीसारख्या गाढ झोपल्या होत्या.

मग नाकसाहेबांनी चोरवाट काढली. खिशातल्या छोट्या वहीत शेरे मारायला लागले. 'उशी : घामट, खोबरेल तेलाचा वास.' 'बस : मागच्या प्रवाशाचे अनवाणी पाय माझ्या खांद्याशी. नखांत माती.' 'पाणपोई : पेला साखळीला बांधलेला, कडेला ओठांचे ठसे.' नदी पाहिली, डोंगर पाहिले, देवळं पाहिली. वहीत त्यातलं एक अक्षर नाही. अर्ध्या खंडाच्या मोऱ्यांना आठ दिवसांची मुदत देऊन टाकली या माणसानं.

आणि सिस्टरबाई? रस्त्याच्या कडेला उभ्या राहून बोटं चाटत खायच्या. बसमध्ये जागा नसली की चक्क खाली बैठक मारायच्या. भाषा कळत नसताना शेजारच्या बाईशी तास तास बोलायच्या आणि दोघी हसायच्या. नाकसाहेबांनी बायकोला असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांना ते आवडलं. त्यांना हेही कळलं, की हे हसू घरात कधी आलं नाही कारण त्यालाही मागच्या दारानं यावं लागलं असतं. कळलं, पण वहीत लिहिलं नाही.

बाराव्या दिवशी ती वही सिस्टरबाईंच्या हाती लागली. त्यांनी खाटेवर बसून अथपासून इतिपर्यंत वाचली.

"तोंडातून नाही ना काढलंत," त्या म्हणाल्या. "मग चालेल. बसमधल्या त्या माणसाची नखं मात्र हुबेहूब उतरली आहेत."

तिथं कपडे धुवायला सगळ्या मुक्कामाला मिळून एकच बादली होती. सिस्टरबाईंनी त्यात आपले कपडे टाकले, वर नवऱ्याचे टाकले आणि त्यांच्याकडे पाहिलं. नाकसाहेब खाली बसले आणि साबण चोळायला लागले. उठताना सिस्टरबाईंनी त्यांच्या खांद्याचा आधार घेतला आणि हात जरा वेळ तिथंच ठेवला. जमतंय की, नाकसाहेबांना वाटलं. नऊ दिवस तर राहिले.

अठराव्या दिवशी मात्र त्यांचा धीर सुटला. चौथ्या देशात, एका चौकात, त्यांना काचेच्या दारांचं हॉटेल दिसलं. पांढऱ्या फरश्या, पांढऱ्या टोप्या, वाढप्यांच्या हातांत पांढरे मोजे. "आज एकदाच इथं जेवतो," ते म्हणाले. ही काही तक्रार नव्हे. सिस्टरबाई खुशाल रस्त्यावर जेवल्या. नाकसाहेब आत गेले, चौतीस वर्षांत पहिल्यांदा मोरीची जाळी न उचलता, आणि पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर जेवलेली बाई ठणठणीत आणि हे पालथे. आधी ओकारी, मग ताप, मग संडास. संडासाबाहेरच्या, इथल्याही ओल्याच चपलांपर्यंत तीनदा पोचले, चौथ्यांदा पोचले नाहीत. खाटेतच झालं. चादरीत, कपड्यांत, पायांवर. खोलीत पाच परकी माणसं. समोरच्या खाटेवरच्या उंच पोरीनं नाकाला ओढणी लावली, ओठ आवळले आणि बाहेर गेली. तो चेहरा नाकसाहेबांनी ओळखला. तो त्यांचाच होता. त्यांना मरून जावंसं वाटलं. स्वतःच्या अंगाची एवढी शिसारी कधी आली नव्हती, आणि अंग काही मागच्या दारी ठेवून येता येत नाही.

सिस्टरबाईंनी बाह्या वर केल्या. "कूस बदला. हं, असं. पाय वर." कपडे काढले, कोमट पाण्यानं पुसलं, गादीवर आपली चादर घातली, पुन्हा झालं, पुन्हा पुसलं. तोंडावर रेषसुद्धा हलली नाही. नाक मुरडणं नाही, उपकार नाही. नाकसाहेब ढसाढसा रडायला लागले.

"उगी," त्या म्हणाल्या. "पाणी कमी पडेल अंगातलं."

दिवसभर गुंगीत पडल्या पडल्या नाकसाहेब एक वाक्य जुळवत होते. घरी गेल्यावर ती बादली मी फोडून टाकतो. नाही, आधी माफी मागायची. लेकराला तुझ्याजवळ दिलं नाही, त्याची. मग बादली. शब्द जुळले, पाठ झाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शेरा सोडून काहीतरी म्हणायचं होतं.

विसाव्या दिवशी सकाळी ताप उतरला. सिस्टरबाई खालच्या स्वयंपाकघरातून भाताचं पाणी मीठ घालून घेऊन आल्या. खाटेच्या कडेला बसल्या, त्यांच्या मानेखाली हात घालून डोकं उचललं आणि पेला ओठांशी आणला. नाकसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. वाक्य जिभेवर होतं. तोंड उघडलं.

"हात धुतलेस का?"

खोलीत बाकीचे आपापल्या सॅक भरत होते. कुणाला काही कळलं नाही.

"धुतले," सिस्टरबाई म्हणाल्या. पेला तसाच धरून ठेवला. नाकसाहेब सगळं पाणी प्यायले, तिनं तोंड पुसलं आणि डोकं हळूच खाली ठेवलं.

"अगं, सवयीनं निघालं गं," ते म्हणाले. "तक्रार नव्हती ती. मला दुसरंच म्हणायचं होतं."

"परवा त्या काचेच्या हॉटेलात वाढणाऱ्याला विचारलं होतंत?"

नाकसाहेबांनी चादर गळ्यापर्यंत ओढली.

"नाही ना विचारलंत. मग ती सवय नव्हे," सिस्टरबाई म्हणाल्या. "ते फक्त माझ्यापुरतं आहे."

रागावून नव्हे, पेशंटला रिपोर्ट समजावून सांगतात तसं सांगितलं त्यांनी. मग पेला विसळून आणला आणि धाकटीला फोन लावला. आधी नाकसाहेबांची तब्येत सांगितली, औषधं सांगितली, आता बरे आहेत म्हणाल्या. नाकसाहेब खाटेवर पडून एकेक शब्द ऐकत होते. पाठ केलेलं वाक्य त्यांना अजून सगळं येत होतं.

"वरची खोली झाडून ठेव," सिस्टरबाई फोनवर म्हणाल्या. "सामान फार नाही माझं."