कुणी उठलं की कापायचं

माझा दादा कौटुंबिक सिनेमे काढतो. त्याच्या सिनेमातले वडील मुलांना खांद्यावर घेऊन घरभर नाचतात आणि बघणारे म्हणतात, याचे वडील किती प्रेमळ असतील. मी विषय बदलते. बाबा चिडले की दादाला अडगळीच्या खोलीत कोंडायचे आणि बाहेरून कडी घालायचे. कुठेही कडी वाजली की आजही माझी नजर आधी दादाला शोधते.

दादाची सुरुवात झाली सेटवर लहान मुलं सांभाळण्यापासून. भेदरलेलं पोर कॅमेऱ्यासमोर हसवावं तर त्यानेच. त्यातून सहायक झाला, मग दिग्दर्शक. सिनेमा पुरा झाला की तो आधी घरच्यांना दाखवतो, बैठकीच्या खोलीत, भिंतीवर चादर ताणून. स्वतः पडद्याकडे पाठ करून बसतो आणि आमची तोंडं वाचतो. ज्या प्रसंगात कुणी उठलं तो कापायचा, हा त्याचा नियम. वहिनी एकदा दूध उतू जातंय म्हणून धावली, तर बिचाऱ्या नायिकेचं अख्खं गाणं गेलं.

या वेळी त्याने अडगळीची खोलीच सिनेमात घेतली. बाबांना बोलावू नकोस, असं मी त्याला परोपरीने सांगितलं.

"नाही बोलावलं तर जन्मभर खोटेच बाप दाखवत राहीन," तो म्हणाला. पन्नाशीचा माणूस, पण बोलताना ओठ पांढरे पडले होते.

बाबा खुर्चीत ताठ बसले. पडद्यावर कडी वाजली, सगळं काळं झालं आणि आतल्या मुलाचा दबका श्वास तेवढा ऐकू येऊ लागला. वहिनीने माझं मनगट घट्ट धरलं. दादा बाबांच्या तोंडावरून नजर हलवत नव्हता.

बाबा उठले आणि दाराबाहेर गेले. दादाने धडपडत सिनेमा थांबवला. कापतो, कापून टाकतो, असं तो पुटपुटत राहिला. मला तर वाटलं, आता बाबा परत आले की घर डोक्यावर घेणार.

ते आले आणि चौकटीतच थांबले.

"मी बाहेर उभा असायचो," ते म्हणाले. "आतून कधी आवाज आला नाही. मला वाटायचं, तुला भीतीच वाटत नाही. म्हणून कडी काढायचो नाही."

दादा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"रडलो तर आणखी वेळ ठेवाल असं वाटायचं, बाबा. म्हणून तोंडात सदरा कोंबून बसायचो."