काकूंच्या नावावर माझं प्रेशर

"आण रे भिया, तुझा हात आण."

रोज सकाळी मी दारात चपला काढल्या की काकू हे म्हणायच्या आणि मी गुमान शर्टाची बाही वर सारायचो. प्रेशर मोजायचं असायचं त्यांचं.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. मी सांगलीकडून माळव्यात, देवासच्या कारखान्यात आलेला माणूस; तिकडे भैयाचं 'भिया' होतं. काकू शेजारच्या घरात एकट्या राहायच्या. वय पंचाहत्तरच्या आसपास, माहेर धारचं, आजोबा तिथल्या दरबारात कारकून. काकू सांगायच्या तेव्हा त्यातला कारकून गळायचा आणि दरबार तेवढा उरायचा. अशी माणसं तुमच्याही ओळखीची असतील.

मुलगा बंगळूरला होता. त्यानं प्रेशर मोजायचं डिजिटल यंत्र पाठवलं आणि मला गळ घातली, की रोज मोजा आणि दर आठवड्याला सायबर कॅफेतून आकडे ईमेल करा. यंत्र शेवटचे साठ आकडे लक्षात ठेवतं, दिवाळीला आलो की तपासीन. आईला त्यानं फोनवर बजावलं, "आकडे वाढले तर तुला इकडे घेऊन येणार."

"तिकडे आहे काय? खिडकीतून बघावं तर समोर दुसऱ्याची खिडकी," काकू मला म्हणाल्या. त्यांना देवास सोडायचं नव्हतं.

पहिल्या दिवशी यंत्र घुरघुरलं आणि त्यानं दाखवलं एकशे अडुसष्ट. काकूंनी आधी आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे मशीन बदतमीज आहे. तुझ्याशी कसं बोलतं, बघू."

माझा आला एकशे बावीस.

"बघ, किती सालस आकडा! हाच पाठव."

"काकू, हे खोटं होईल."

"खोटं कसं? माणसाचाच आहे ना?"

डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणाल्या, "धारच्या लोकांना प्रेशर नसतं, रुबाब असतो."

मी ठाम नाही म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी त्यांनी पुढे केलेली कचोरी घेतली.

ही लाच रोजची झाली. पोहे आणि त्यावर मूठभर सेव, कधी कचोरी, कधी नुसतीच सेव. दोन महिन्यांत माझा सालस आकडा एकशे शेहेचाळीसवर गेला. मुलाचं घाबरं उत्तर आलं: आई काय खातेय? मीठ कमी करा, रोज चालवा. मी ते काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी जरा विचार केला.

"तुझं मीठ बंद."

त्या तडक माझ्या बायकोकडे गेल्या. जे बायकोला दहा वर्षांत जमलं नव्हतं, ते काकूंनी एका दुपारी केलं. माझा डबा त्याच भरू लागल्या. "तुझ्यासाठी वेगळं कोण शिजवणार? मीही तेच खाते," असं म्हणत माझी अळणी भाजी त्याही गिळायच्या.

चालण्याच्या बाबतीत तर त्यांचा माझ्यावर काडीचा भरवसा नव्हता. "तू चौकात चहा पिऊन परत येशील," म्हणत त्या स्वतः निघाल्या. लुगड्याखाली मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट घालून त्या रोज मला देवीच्या टेकडीवर न्यायच्या. सुरुवातीला दहा पायऱ्या चढल्या की बसायच्या. दसऱ्याच्या सुमाराला त्या वर उभ्या राहून खाली ओरडत होत्या, "चल ना भिया, बंगळूर टाळायचंय!"

माझा आकडा पुन्हा एकशे बावीस झाला.

दिवाळीत मुलगा आला. त्यानं यंत्रातले साठही आकडे पाहिले आणि माझे दोन्ही हात धरले. "दादा, तुमच्यामुळे मी निर्धास्त झोपलो." मग आईला म्हणाला, "आता माझ्यासमोर."

"मी सोवळ्यात आहे."

"मी थांबतो."

तो नैवेद्य होईपर्यंत बसून राहिला. शेवटी काकूंच्या दंडाला पट्टा लागला आणि आकडा आला एकशे बेचाळीस.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अडुसष्टवरून बेचाळीस! काकू टाळी द्यायच्याच बाकी होत्या. पण मुलाचा चेहरा पडला.

"उतरत उतरत एकशे बावीसवर आलेला आणि आज एकदम बेचाळीस? बास. आई, तू येतेस."

एकशे अडुसष्टचा आकडा आता यंत्रात नव्हता. माझ्याच आकड्यांनी त्याला बाहेर ढकललं होतं. तो माहीत असलेली माणसं दोनच. पहिल्या दिवसापासून खरं पाठवलं असतं, तर काकूंनी कमावलेली उतरण मुलाला दिसली असती आणि त्या हक्कानं देवासला राहिल्या असत्या. अजूनही एक वाक्य पुरलं असतं. पण मघाशीच त्यानं माझे हात धरले होते. मी फरशीकडे बघत राहिलो.

"दादा रोज नीट मोजत होते ना?" त्यानं आईला विचारलं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "एक दिवस चुकवला नाही रे त्यानं," त्या म्हणाल्या.

भाऊबीजेनंतर गाडी आली. काकूंनी मला खिडकीजवळ बोलावलं. "तिकडून दर रविवारी तुझा आकडा विचारीन. खोटं सांगू नकोस."

तीन वर्षं दर रविवारी फोन यायचा आणि मी आकडा खरा सांगायचो. मग एका रविवारी फोन मुलाचा आला. आई गेली, म्हणाला. देवासला होती तोवर तुम्ही तिचं फार केलंत, म्हणून त्यानं पुन्हा माझे आभार मानले.

मी पुन्हा काही बोललो नाही.