गोठ्याखालून गेलेला पाइप

गौरी, शंतनू — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. त्यांना तर मुळीच नाही. मग आत्ताच का? मागच्या महिन्यात गौरी फोनवर तिच्या बँकेबद्दल बोलत होती. ती बँक गरीब देशांत सूर्यावरच्या, वाऱ्यावरच्या विजेसाठी कर्ज देते. बोलता बोलता ती म्हणाली, "आजी, तिथल्या बायकांनी हो म्हटल्याशिवाय आम्ही एक पैसाही देत नाही." मी "छान" म्हटलं आणि फोन ठेवला. गौरी, त्या बायकांचं 'हो' तुमच्यापर्यंत कोण आणतं, हे तू कधी पाहिलं आहेस का?

एकदा मी आणलं होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. सोलापुरात रॉकेलसाठी बायका डबे घेऊन रांगा लावत. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि तुमचे आजोबा खेड्यापाड्यांत गोबरगॅसचे खड्डे बांधून देणारे इंजिनियर होते. शेणावर चालणारी शेगडी! त्या निळ्या ज्योतीवर माझाही जीव जडला होता, हे आधीच सांगते. तेव्हा परदेशातली एक विकास बँक आजोबांच्या गावातल्या अख्ख्या गल्लीसाठी पैसा द्यायला तयार झाली. अटी दोन. प्रत्येक घरी संडास बांधायचा आणि त्याचा पाइप त्याच गॅसच्या खड्ड्याला जोडायचा — आणि घरच्या बायकांना हे माहीत हवं, मान्य हवं.

गाव अक्कलकोटच्या वाटेवरचं. निम्मं मराठी, निम्मं कन्नड. लिंगायतांची गल्ली. तिथं आजोबांच्या मावशीचा शब्द चाले. तिला सगळे दोड्डव्वा म्हणत, म्हणजे कन्नडमध्ये आईची थोरली बहीण. आजोबांची आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्यांना वाढवलं होतं. स्वयंपाकघरात पाऊल टाकण्याआधी आंघोळ, गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही. आणि धुरानं डोळे असे सुजलेले, की भाकरी टाकताना ती तवा हातानं चाचपायची.

आता मला सांगा — ज्या बाईनं देवाला दाखवल्याशिवाय घास घेतला नाही, ती संडासाच्या गॅसवर नैवेद्य शिजवील? नाही म्हणाली असती. ती नाही म्हणाली, की गल्ली नाही म्हणणार. मला हे ठाऊक होतं. आजोबांना नव्हतं. त्यांना खड्ड्याची खोली कळायची. स्वयंपाकघर त्यांनी उंबऱ्यावरूनच पाहिलेलं. त्यांनी मला बजावलं होतं, "साहेब यायच्या आधी बायकांना सगळं नीट समजावून सांग." मी हो म्हटलं होतं.

बँकेचा माणूस आला. गोरा, नम्र, घामानं भिजलेला. दुभाषी म्हणून मी. दोड्डव्वाच्या गोठ्यात बायका जमल्या. त्यानं विचारलं, संडास खड्ड्याला जोडणार, हे यांना चालेल का? मी बायकांना विचारलं, घरात गॅसची शेगडी आली तर चालेल का? सगळ्या माना हलल्या.

दोड्डव्वा मात्र माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या त्या मिसळलेल्या बोलीत म्हणाली, "संडास त्यो तिकडं, अन् ग्यास हितं. मधी काय जोडलेलं न्हाई न्हवं? लिंगावर हात ठेवून सांग."

मी ठेवला. पदराखाली, माझ्याच गळ्यातल्या लिंगावर. म्हटलं, नाही, संडासाचा शोषखड्डा वेगळा आहे. साहेबानं विचारलं, या काय म्हणाल्या? मी इंग्रजीत सांगितलं, आशीर्वाद देतायत.

इथं थांबून एक सांगते. या खोट्यानं जे झालं, त्याबद्दल माझ्याकडून कुणी खेदाची अपेक्षा करू नये. पहाटे अंधारात ओढ्याकडे जाणाऱ्या बायकांना दार असलेली जागा मिळाली. घराघरातला धूर गेला. दोड्डव्वाला तवा दिसू लागला! मी गेले की ती तो उलटा करून दाखवायची — "बूड बघ की गं, नवरीच्या तोंडासारखं लख्ख!" हे मी केलं. आणि हजारो मैलांवर बसून, पैसा पुढे धरून, दोन एकमेकींना खाणाऱ्या अटी लिहिणाऱ्यांनी मला प्रामाणिकपणा शिकवू नये. तेव्हाही मला असंच वाटत होतं. आजही वाटतं.

पण श्रावणात ती त्याच शेगडीवर हुग्गी शिजवायची. गव्हाची खीर — देवापुढे ठेवून मग पहिली वाटी मला. मी खायची. दर श्रावणात. घशाखाली कशी उतरत होती, विचारू नका. चांगली उतरत होती.

काही वर्षांनी पाइप तुंबला. त्या दिवशी आम्ही दोघंही गावातच होतो. गवंड्यानं गोठ्याची फरशी उखडली, आणि संडासापासून गॅसच्या खड्ड्यापर्यंतचा तो पाइप सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उघडा पडला. घरात आकांत झाला. दोड्डव्वाचा मुलगा आजोबांच्या अंगावर धावून गेला — ज्या बाईनं तुला वाढवलं, तिला बाटवलंस! शेजारीण तेवढी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मला पैल्यापासनंच वाटत हुतं. पर भाकरी लई झ्याक फुगती की!" ती तशीच शेगडी वापरत राहिली. गल्लीतल्या निम्म्या तरी राहिल्या.

दोड्डव्वा ओरडली नाही. तिनं मला परसात नेलं आणि हळूच म्हणाली, "खोटं बोलायचं तर इंग्रजीत बोलायचं की गं. मला कळलं नसतं. आपल्या भाषेत कशाला बोललीस?"

बस, एवढंच. मी लिंगावर हात ठेवला होता, हे तिनं घरात कुणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं? मला वाचवायला? की ते पुन्हा तोंडावर आणणंही तिला नको होतं? मला माहीत नाही. ती परत चुलीवर गेली. नैवेद्य मात्र त्यानंतर तिनं स्वतःच्या हातानं कधीच केला नाही, हे मला पुढे त्या शेजारणीकडून कळलं. सून करायची, ही दारात बसून राहायची.

आता ते, ज्याच्याभोवती मी इतका वेळ घिरट्या घालतेय.

त्या संध्याकाळी एसटीत आजोबांनी मला विचारलं. "तू तिला सांगितलं होतंस ना?"

मी म्हटलं, "सांगितलं होतं. म्हातारीला समजलं नसेल."

त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला. माझ्यावर त्यांचा नेहमीच विश्वास असे. त्या घराचं दार त्यांना बंद झालं. दोड्डव्वा गेल्याचं आम्हाला चार दिवसांनी कळलं, तेही परक्याकडून. ते अंगणात उभ्या उभ्या रडले आणि मला म्हणाले, "तिला अजून सोपं करून सांगायला हवं होतं आपण." आपण! तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं ना? मी त्यांना पाणी आणून दिलं.

बँकेशी खोटं बोलले, ते पुन्हा बोलेन. दोड्डव्वाशी बोलले, ते माझ्या नावावर राहू दे. पण तिला समजत नव्हतं, हे खोटं होतं. त्या गोठ्यात सगळं समजणारी ती एकटीच होती. आणि आजोबा गेले ते तिला अडाणी समजून आणि स्वतःला दोषी समजून. मी शेजारी बसले होते.

खड्ड्यावरची गॅस साठवायची लोखंडी टाकी गंजली, भंगारात गेली. घरात आता सिलिंडर आहे. संडास अजून वापरात आहे. आणि त्या घरात तुमच्या आजोबांचं नाव अजूनही घेत नाहीत.