काळ्या टाइपातलं नाव

एका मेलेल्या माणसाचं नाव मी मुद्दाम बारीक टाइपात छापलं. मालकानं तसं सांगितलं नव्हतं, कामाची घाईही नव्हती. माझं मीच ठरवलं.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पाठोपाठ दुष्काळ आला होता. मी तिथल्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचो. आमच्याकडे काळा, म्हणजे जाड अक्षराचा, टाइप एकच होता, जुन्या वळणाचा. बोरूनं लिहिल्यासारखा, उभा दांडा जाड, वळणावर बारीक होत गेलेला, टोकाला तिरका काप. दिसायला तो गोड नव्हता, राकट होता. पण कागद हलका असो की शाई पातळ, त्याचं अक्षर बुजायचं नाही. दहा पावलांवरून वाचता यायचं. म्हणून नव्या कचेऱ्यांच्या नोटिसा, टँकरच्या पाळ्या त्यातच लागायच्या. आणि शोकपत्रिकेवर गेलेल्या माणसाचं नाव. ती आमच्याकडची रीतच होती.

एक दिवस अहमदपूरहून एक मुलगी आली. वडील दुष्काळी कामावर खडी फोडताना गेले होते. पुण्यानुमोदनाची शोकपत्रिका छापायची होती. मजकूर तिनं स्वतःच लिहून आणला होता.

"बाबांचं नाव तेवढं काळं घ्या," ती म्हणाली. "आईला वाचता येत न्हाई. जाड असलं की तिला बोट ठेवता येतंय."

मी कागदावरचं आडनाव वाचलं. बौद्धांचं घर. म्हणालो, "काळे खिळे कलेक्टर कचेरीच्या कामात अडकलेत. तुला बारीकच घ्यावं लागेल."

खोटं होतं. ते काम आदल्या दिवशीच उतरलं होतं, खिळे खणांत परत गेले होते. तिच्या बाबांच्या नावाला पंधरा-वीस खिळे लागले असते. पण या लोकांना काळा टाइप कशाला, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी ती गठ्ठा न्यायला आली, तेव्हा टेबलावर एका शेटजींच्या नव्या दुकानाची पत्रिका वाळत होती. शेटजींचं नाव काळंभोर. तिनं ते वाचलं.

"कलेक्टर साहेबानं कापडाचं दुकान टाकलं वाटतं," ती म्हणाली आणि गठ्ठा काखेत धरून स्टँडकडे गेली. मी मान खाली घालून खिळे पुसत राहिलो.

बऱ्याच वर्षांनी छापखाना बंद पडला, तेव्हा सगळे खिळे भंगारात निघाले. काळा टाइप मीच पोत्यात ओतला. खण रिकामे होताना तिचं ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. तसं ते मधल्या वर्षांत गप्प कधी नव्हतंच. पत्रिकेवरचा पत्ता मीच जुळवलेला, तो विसरलो नव्हतो. अहमदपूरला गेलो.

दार तिनंच उघडलं. आता ती शाळेत शिकवत होती. मी कोण ते सांगितलं. तिनं आत घेतलं.

भिंतीवर तीच पत्रिका चौकटीत लावलेली होती. बाबांचं नाव निळ्या पेनानं गिरवून गिरवून जाड केलेलं. एका कान्याजवळ कागद फाटला होता.

"आई रोज बोट ठेवायची," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली तिला जाऊन. बसा, पाणी आणते."

मला बसवेना.

"ताई, त्या दिवशी खिळे मोकळे होते. तुमचं आडनाव वाचून मी खोटं बोललो. हे तुमच्या आईसमोर बोलायला हवं होतं, पण मी आलो नाही. माझं चुकलं. मला माफ करा."